सड्यावरचं निळं पाणी

१ ऑक्टोबर १९९८

दसऱ्याचा मुहूर्त राजाभाऊंचा. त्यांनी ढिगाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पहिलं ॲसिड माझ्या हातून शिंपून घेतलं. कॉलेजात मुलांना तांब्याचे गुणधर्म शिकवता शिकवता माझे केस पिकायला लागले होते. आजपासून तांबं काढायचं. राजीनामा दिला तेव्हा स्टाफरूममध्ये एकजण म्हणाला, सासुरवाडीचा कातळ मिळाला म्हणून उड्या मारतोय. मारतोयच. त्याच्या सासुरवाडीला कातळ नाही, याला मी काय करू?

राजाभाऊ म्हणजे माझ्या बायकोचे, हेमाचे थोरले भाऊ. सुपारीची बाग त्यांची, वरचा सडाही त्यांचा. सड्यावर नुसता कातळ, गवताखेरीज काही उगवत नाही, तिथे आमचा ढीग. माल परराज्यातल्या एका बंद पडत आलेल्या खाणीचा, त्यांच्या लेखी कचरा. त्यात तांबं आहे, पण गंधक आणि लोखंडाने त्याला घट्ट धरून ठेवलंय. मोठे कारखाने ते भट्टीत भाजतात आणि गावभर धूर सोडतात. आपण तसलं काही करायचं नाही. दगड फोडून ढीग रचायचा, वरून पातळ ॲसिड शिंपडत राहायचं. डोळ्यांना न दिसणारे जंतू गंधक खात राहतात, तांबं सुटतं आणि खाली निळं पाणी होऊन येतं. ते आटवलं की मोरचूद. चुन्यात कालवून सुपारीवर फवारायला गुहागरपासून दापोलीपर्यंत प्रत्येक बागायतदाराला पावसाळ्यात मोरचूद लागतो, आणि तो येतो बाहेरून. कल्पना माझी आहे, हे इथे लिहून ठेवतो. राजाभाऊ गावात वेगळं सांगत असतात.

आम्ही खालच्या वाडीत राजाभाऊंच्या रिकाम्या घरात राहायला आलोय. शेजारी यमुनाबाई. तिची एक म्हैस, आणि मुलगा गंगाराम, जो उद्यापासून ढिगावर कामाला येईल. त्यांची आमची विहीर एकच. हेमाला दिवस गेलेत, तिला दगदग नको, म्हणून शेजार बरा.

९ नोव्हेंबर

आलं. ढिगाच्या पायथ्याच्या चरातून निळं पाणी आलं. मी तिथेच बसून राहिलो. गंगारामला वाटलं मला भोवळ आली.

राजाभाऊंनी बोट बुडवून बघितलं. मी म्हटलं, ॲसिड आहे त्यात, हात धुवा. ते हसले. "उन्मेषराव, आमचे बाबा पिंपात हात घालून मोरचूद कालवायचे. आषाढभर कोपरापर्यंत निळे. एक्याऐंशीव्या वर्षी गेले, तेही झाडावरून पडून." इथे मोरचुदाला कुणी भीत नाही. निळे हात म्हणजे बाग नीट राखली असं समजतात. मला ते आवडतं. शहरातली माणसं रसायन म्हटलं की नाक मुरडतात.

१४ डिसेंबर

निळं पाणी साठवायला ढिगाखालची जुनी चिरेखाण घेतली. राजाभाऊंच्या बाबांच्या वेळेला घरासाठी चिरे काढले होते, त्याचा चौकोनी खड्डा. त्यात शेततळ्याला घालतात तसला प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला, तळाला जांभ्याचे चिरे ठेवले. माझ्या मनात सिमेंटची टाकी होती. राजाभाऊ म्हणाले, पाऊसभर या खाणीत पाणी उभं असतं, आता काय धावतंय? गोष्ट खरी आहे. मी स्वतः पाहिलंय ते.

गंगाराम सांगत आला, "मास्तर, खानीतला पानी उतारतंय." त्याला म्हटलं, अरे, कातळावर दिवसभर ऊन तापतं, पाणी आटणारच. आपल्याला तेच हवंय, सरपण वाचतं. तो बरं म्हणून गेला.

११ मार्च १९९९

मुलगी. अवनी. रत्नागिरीला, नीट, सगळं वेळेवर. मला वाटलं होतं मी फार काही हलणार नाही. तिने माझं बोट धरलं आणि तासभर मी ते सोडवून घेतलं नाही.

गंगारामच्या बायकोलाही याच पंधरवड्यात मुलगी झाली, सानिका. यमुनाबाई म्हणते, दोघी एकदमच शाळेत जातील. मी म्हटलं, जातील, आणि माझी पहिली येईल. यमुनाबाई हसली. हेमाला ते बोलणं आवडलं नाही.

२५ मार्च

बारसं. राजाभाऊंनी मामाचा आहेर म्हणून तांब्याची कळशी आणली, सुरेख घडणीची, आणि अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले, "तांब्याच्या बापाच्या घरी तांबंच द्यायचं." माणूस फुशारकी मारतो, पण मनाने मोठा आहे.

३० मे

हेमाला दूध कमी. डॉक्टरांनी वरचं दूध सुरू करायला सांगितलं. यमुनाबाईच्या म्हशीचं दूध जड, म्हणून निम्मं पाणी घालून उकळून बाटलीने द्यायचं. ते पाणी रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवायचं, ही आज्ञा माझी. हेमा म्हणाली, आईही तेच सांगायची. मी म्हटलं, आई सांगायची म्हणून नाही, तांब्यात जंतू मरतात म्हणून. यावर तिला छोटं व्याख्यान दिलं. मधेच ती झोपली.

एक वैताग आहे. सकाळचा चहा नासतो. दूध ओतलं की फुटतं, रोज. यमुनाबाई कालचं दूध आजच्यात मिसळत असणार. आज तिला विचारलं. ती ओट्याखाली उभी राहिली, वर आली नाही. "मी असला काय करनार न्हाय, मास्तर. तुमचा पोर पितंय तां. माज्या घरात बी पोर हाय." मी म्हटलं, मग काय चहा आपोआप फुटतो? ती म्हणाली, "आमचा बी फुटतंय. आमी कोरा पितो."

हे उत्तर झालं? स्वतःच्या घरचंही नासतं म्हणजे भांडं नीट घासत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१७ जुलै

पावसाने खाण भरून वाहिली. मी सांगून दमलो होतो की ढिगावर छप्पर हवं. राजाभाऊंचं एकच, पुढच्या वर्षी. आज खाणीच्या कडेचा बांध फुटायला आला, तेव्हा त्यांनीच गंगारामला एका बाजूने चर काढायला लावला. पाणी पऱ्यात गेलं. हा ओढा खाली वाडीच्या मागून जातो. मी हिशोब करून पाहिला, एवढ्या पावसात ते इतकं पातळ होईल की शोधूनही सापडायचं नाही. तरी मला बरं वाटलं नाही. बरं वाटलं नाही हे लिहून ठेवतो.

राजाभाऊंचं घर सड्याच्या पलीकडच्या उतारावर. तिकडे आपलं पाणी जात नाही, हेही त्यांनी बोलता बोलता सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

२ ऑगस्ट

एक चांगली गोष्ट. आपली विहीर यंदा भर पावसातही गढूळ झालेली नाही. शेवाळ नाही, तळाचे दगड दिसतात. वाडीतल्या बायका कौतुक करतात. राजाभाऊ आले होते, वाकून पाहून म्हणाले, "गुण आहे हो तुमच्या पायाला, उन्मेषराव." बेडूकही ओरडत नाहीत. गेल्या ऑक्टोबरात आलो तेव्हा परतीच्या पावसात त्यांच्या गोंगाटाने हेमाला झोप यायची नाही, यंदा ती आणि अवनी दोघी गाढ झोपतात.

१६ सप्टेंबर

गणपती. यमुनाबाई दर्शनाला आली. तिचे पांढरे केस उन्हात हिरवट दिसत होते. हेमाने विचारलं, काय लावता? "काय नाय, खोबरेल." मी म्हटलं माक्याचं तेल असणार, लपवतेय. यमुनाबाईलाही हसू आलं. आमच्या न्हाणीतल्या दगडावरही निळसर हिरवा डाग धरलाय. हेमा चिंचेने घासते, जातो आणि परत येतो. शेवाळाचाच प्रकार.

यमुनाबाईचं दूध बंद करून पिशवीचं सुरू केलंय. वाईट वाटलं, पण अवनीच्या दुधात हलगर्जी चालायची नाही. हेमाने हे तिला माझ्या वतीने सांगितलं. स्वतःच्या वतीने तिने काय सांगितलं कोण जाणे, दोघी बराच वेळ गोठ्याशी बोलत होत्या.

२० सप्टेंबर

पिशवीच्या दुधाचाही चहा फुटला. हवा दमट आहे.

२१ नोव्हेंबर

मोरचूद उत्तम. पहिला माल वेळणेश्वर, गुहागरच्या बागायतदारांनी घेतला आणि पुढच्या हंगामाचं आत्ताच सांगून ठेवलं. राजाभाऊंनी पेढे वाटले.

अवनी अंगाने भरतेय. पोट छान गोल झालंय. हेमा म्हणते हातपाय मात्र बारीकच आहेत. मी म्हटलं, तुझ्यावर गेलीय. ती हसली नाही. अवनी फार किरकिरते, मांडीवरून खाली ठेवलेलं चालत नाही. दात येत असतील.

१९ डिसेंबर

दात नाहीत. ताप येतो, जातो. गुहागरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. हेमा रात्री तिचं पोट चाचपत बसते, कालही बसली होती. मला हात लावून पाहायला सांगितलं. उजवीकडे बरगडीखाली काहीतरी टणक लागतं. मी म्हटलं गॅस असेल. माझ्या आवाजावर माझाच विश्वास बसला नाही.

१२ जानेवारी २०००

डोळे पिवळे.

रत्नागिरीला गेलो. मुलांच्या डॉक्टर, चष्म्याच्या, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी अवनीचं पोट दोनदा तपासलं. लिव्हर वाढलंय आणि दगडासारखं कठीण झालंय. मग त्यांनी विचारलं, "दूध कशात तापवता? घरात तांब्या-पितळेची भांडी आहेत?" हेमा म्हणाली, दूध स्टीलच्या भांड्यात, पण पाणी तांब्याच्या कळशीतलं. बाईंनी मान हलवली. लहान बाळाला तांबं बाहेर टाकता येत नाही, ते लिव्हरमध्ये साठत जातं. कळशी आजच बंद करा आणि मुंबईला घेऊन जा. चिठ्ठी देते.

हेमाने तिथेच विचारलं, "म्हणजे मी दिलं तिला?" बाई म्हणाल्या, तुम्हाला कुठे माहीत होतं?

कळशीची आज्ञा माझी होती. मी तसं म्हणालो, बाईंसमोर. हेमाने ऐकलं नसावं.

१३ जानेवारी

रात्रभर एक गोष्ट सुटत नव्हती. कळशीत साधं पाणी रात्रभर ठेवलं तर असं किती तांबं उतरणार? पिढ्यान् पिढ्या लोक पितात. पाण्यात आंबट असल्याखेरीज तांबं सुटत नाही. आणि मग रोज फुटणारा चहा आठवला.

सकाळी विहिरीचं पाणी थेट काचेच्या चंबूत काढलं. तांब्याचा कुठेही स्पर्श नाही. ढिगावरच्या शेडमध्ये नेऊन आटवलं आणि अमोनियाचे थेंब टाकले. अकरावीच्या मुलांना मी दरवर्षी हा प्रयोग दाखवायचो, निळा रंग आला की वर्ग खूश व्हायचा. रंग आला. गडद.

कळशीने भर घातली असेल, पण तांबं कळशीच्या आधीच पाण्यात होतं. खाणीतलं पाणी आटलं नव्हतं, कातळाने पिऊन विहिरीत सोडलं होतं. कागद चिऱ्यांच्या धारेने फाटला असणार, पहिल्याच महिन्यात, गंगाराम सांगत होता तेव्हाच.

मी चंबू रिकामा करून तीनदा धुतला.

राजाभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "घरचं पाणी बदला. माझ्या विहिरीचं रोज पाठवतो, गाडीवर कॅन बांधून. पोरीला मुंबईला न्या, काय लागेल ते मी बघतो. पण वाडीत बोलू नका. कारखाना म्हटलं की इथे लोक काय करतात तुम्हाला माहीत नाही. घरं जाळतील आपली." मी विचारलं, आणि वाडीचं पाणी? ते म्हणाले, "मोठ्या माणसांना काही होत नाही. झालंय का कुणाला? उद्यापासून ॲसिड बंद करू. दोन पावसात धुऊन जाईल."

हेमाला सांगितलं की विहिरीच्या पाण्यात लोह जास्त आहे, अवनीला जड पडतंय, म्हणून मामाकडचं पाणी. ती बरं म्हणाली. तिला आता काहीही सांगितलं तरी ती बरं म्हणते.

अवनीला वाचवायचं हे पहिलं. बाकीचं मुंबईहून आल्यावर. हा निर्णय योग्य आहे. एका वेळी एकच.

२ फेब्रुवारी, मुंबई

औषध सुरू आहे. तांबं लघवीवाटे काढून टाकणारं. अवनीच्या हाताला सुई, म्हणून ती दुसऱ्या हाताने माझी दाढी ओढते. आज दोनदा ओढली.

मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं. हेमाने कळशीची सगळी गोष्ट सांगितली, आता तिला ती पाठ झालीय. डॉक्टर तिला कठोर काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "दोन-तीन महिने आधी आणली असतीत तर." मी तिच्या शेजारी उभा होतो. तोंड उघडलं होतं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

त्यांना सांगून औषध बदललं असतं का? नाही. तांबं ते तांबं. मग सांगून काय मिळालं असतं? हे मी स्वतःला दिवसातून बऱ्याचदा सांगतो.

२७ फेब्रुवारी

अवनी गेली. पहाटे.

हेमा तिच्या कानाशी काहीतरी बोलत होती. परिचारिकेने तिचा हात धरून बाजूला घेतलं तेव्हा ती म्हणाली, मी माफी मागतेय तिची, मला संपवू द्या.

२९ मार्च

काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. ढिगावर ॲसिड बंद आहे. राजाभाऊ म्हणतात तसं सगळं शांत होईल. चरातून मात्र निळं पाणी येतंच आहे, थोडं थोडं. का ते मला माहीत आहे. ते जंतू माझ्या ॲसिडवर अवलंबून नाहीत. गंधक आहे, ओल आहे, हवा आहे, आता त्यांचे ते स्वतः ॲसिड करतात. पहिल्या दिवशी याच गोष्टीचं मला कौतुक वाटलं होतं. आता त्यांना कुणी थांबा म्हणू शकत नाही.

१८ एप्रिल

हेमा घरोघर जाते. मला आज कळलं. ज्या घरात लहान मूल आहे त्या घरी जाऊन बायकांना सांगते, तांब्याचं भांडं बाळाच्या पाण्याला वापरू नका, माझ्या हातून झालं ते तुमच्या हातून होऊ देऊ नका. दारात उभी राहून, अनोळखी बायकांना. वेळणेश्वरापर्यंत जाऊन आली म्हणे, उन्हाची, चालत.

परत आल्यावर मी म्हटलं, किती फिरशील? तिने पाय धुतले. "माझ्यामुळे एक तरी वाचेल."

तिला सांगायला हवं. मी पाण्याचा पेला भरून तिच्यापुढे ठेवला आणि आत गेलो. पाणी राजाभाऊंच्या विहिरीचं. कॅन अजून येतात.

मी भित्रा आहे. हा शब्द याआधी इथे लिहिला नव्हता.

६ जून

यमुनाबाई ओट्याशी आली. "मास्तर, तुमी आता आमच्या हिरीचा पानी भरीत नाय. काय चुकला काय आमचा? दुधाचा ऱ्हावू दे, तां झाला गेला. पन पान्याचा कसला राग?" मी म्हटलं, राग नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. ती म्हणाली, "मग बरा. मना वाटला आमी शिवल्यालं चालत नाय."

सानिका तिच्या कडेवर होती. आता अंगावरचं दूध सोडवलंय, पेज खाते, असं यमुनाबाई सांगत होती. मी विचारलं, पेज कुठल्या पाण्यात? ती हसायला लागली. "कुठल्या म्हंजे? पान्यात."

मी हसलो. देवा, मी हसलो.

राजाभाऊंकडे जाऊन म्हटलं, गंगारामच्या घरीही कॅन पाठवा. ते म्हणाले, का पाठवतो म्हणून सांगू? मी चपला शोधायला लागलो. ते म्हणाले, "बघा, तुमच्याकडेही उत्तर नाही."

१३ ऑगस्ट

दोन पाऊस म्हणाले होते, हा पहिला. ढिगातून गेल्या वर्षीपेक्षा जास्त निळं येतंय. राजाभाऊंच्या वाडीमागच्या बागेतल्या पऱ्याकाठच्या सुपाऱ्या पिवळ्या पडल्या. ते म्हणतात खत कमी पडलं. माझ्याकडे बघत नाहीत.

सानिका अंगणात बसलेली दिसते. उभी राहत नाही फारशी. पोट पुढे आलंय. या वयात मुलांची पोटं असतातच. गावातली सगळीच मुलं अशी दिसतात.

वरची दोन वाक्यं मी लिहिली आहेत. खोडत नाही.

१० सप्टेंबर

जे झालं ते जसंच्या तसं.

गंगारामची बायको सकाळी हेमाला बोलवायला आली. सानिकाचे डोळे पिवळे झाले होते. हेमाने एकदाच पाहिलं आणि तिला कळलं. माझ्या समोरून ती त्यांच्या स्वयंपाकघरात गेली, कळशी शोधायला. मी अंगणात उभा होतो. आत भांडी खाली काढून ठेवल्याचे आवाज येत होते. यमुनाबाई म्हणत होती, "काय बगताव, वयनी? आमच्याकडं कुठनं तांबा? सगली जर्मनची भांडी. यक पितळी समई हाय ती बी देवाकडं."

मग आवाज थांबले.

हेमा बाहेर आली. घाईत नव्हती. ओल्या अंगणातून माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "त्यांच्या घरात तांब्याचं भांडंच नाही." ती विहिरीकडे बघत होती. वाटलं, ती रडेल. रडली असती तर मला जवळ जाता आलं असतं.

"जानेवारीत आपलं पाणी बदललंत," ती म्हणाली. "त्यांचं का नाही बदललंत?"

मी म्हटलं, हेमा, ऐक. ती म्हणाली, "मी वेळणेश्वरापर्यंत गेले. बायकांच्या पाया पडले. तुम्ही रोज मला जाताना बघत होतात." पुढे म्हणाली, "मला काही सांगू नका. त्यांना सांगा. आत्ता. मी इथेच उभी आहे."

गंगाराम ओट्यावर सानिकाला मांडीवर घेऊन बसला होता. मी सांगितलं. ढीग, खाण, फाटलेला कागद, पऱ्या, विहीर. जानेवारीत पाहिलेला रंग. राजाभाऊ काय बोलले आणि मी काय बोललो नाही. किती वेळ बोललो आठवत नाही. मधेच यमुनाबाई खाली बसली. मला वाटलं होतं गंगाराम अंगावर धावून येईल. मी त्याची वाट बघत होतो, खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

तो आला नाही. त्याने सानिकाच्या पोटावर हात ठेवला होता, तो उचलून स्वतःकडे वळवून पाहिला. "मास्तर, ढीग मीच भिजवीत व्हतो. रोज सकाळी. चर बी मीच काडला." मी म्हटलं, मी सांगितलं म्हणून, तुझा काही दोष नाही. तो म्हणाला, "पन हात माजं व्हतं."

त्याने मुलीला बायकोकडे दिलं आणि कोयता घेऊन विहिरीवर गेला. रहाटाचा दोर कापला. घागर आत पडल्याचा आवाज आला. मग त्याने तोडलेला माड आडवा ओढून विहिरीच्या तोंडावर टाकला, एकट्याने. मी हात लावायला गेलो तेव्हा म्हणाला, "तुमी नको."

दुपारच्या एसटीने हेमा, गंगाराम, त्याची बायको आणि सानिका रत्नागिरीला गेले, त्याच डॉक्टरबाईंकडे. मी स्टॉपपर्यंत मागे मागे गेलो. हेमा खिडकीशी बसली होती, सानिका तिच्या मांडीवर. गाडी सुटेपर्यंत ती तिच्या कानाशी काहीतरी बोलत होती.

परत आलो तर वाडीतल्या बायका घागरी घेऊन विहिरीशी उभ्या होत्या. पाणी कुठून भरायचं, म्हणून विचारत होत्या. यमुनाबाईने माझ्याकडे बोट दाखवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.